चिंचोक्याएवढा खड्डा

तालुक्याच्या गावी, वाशीच्या एसटी स्टँडवर उतरलो, तर चहावाला कपबशी पुढे करता करता थांबला. "सुशीला सिस्टर वारल्या. सकाळीच. ड्यूटीला निघाल्या अन् उंबऱ्यातच बसल्या..." मी त्याच्यावरच खेकसलो, "काहीही काय सांगतोस!" मागच्या बाजारच्या दिवशी याच बाकड्यावर बसून त्या हसल्या होत्या, "काय पत्रकवाले, क्रांती कुठवर आली?" त्या सकाळीला आता महिना होत आला. तरी स्टँडवर उतरलं की ते बाकडं मोकळं का, असं क्षणभर वाटतंच.

आमची ओळख मोठ्या दुष्काळातली. माळावर खडी फोडायचं काम निघालं होतं. मी कॉलेज सोडून पत्रकं वाटत फिरत होतो, आणि त्या आरोग्य केंद्राच्या नर्स म्हणून कामावर येत. त्या काळात बायांचे पाय सुजू लागले होते. मुकादम म्हणायचा, "दुष्काळ कसला? बाया तर सुटत चालल्यात." वाईट म्हणजे बायांनाही ते खरं वाटे. गोदाबाई नावाची एक बाई आपल्या भरल्या पोटऱ्या दाखवून म्हणायची, "माळाचं वारं मानवलं मला. अंगावर आलंय."

सिस्टर तिच्यासमोर बसल्या आणि हात पुढे केला. गोदाबाईनं झटकन पाय ओढून घेतला. "हात नका लावू, बाई. आमच्यात न्हाय चालत." सिस्टर बौद्ध वस्तीतल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी उसळून उठलो. पत्रकातली आठ-दहा वाक्यं माझ्या तोंडात तयारच होती. सिस्टरांनी मला नजरेनंच गप्प केलं.

"मग तुम्हीच दाबा," त्या म्हणाल्या. "अंगठा तुमचा, पाय बी तुमचा. विटाळ झालाच तर घरातल्या घरात."

बाया खो खो हसल्या. गोदाबाईनं चिडून नडगीच्या हाडावर अंगठा रोवला. सिस्टरांनी तो जरा वेळ तसाच दाबून धरायला लावला. सोडला, तर तिथं खड्डा. भरून येईचना. हसणं थांबलं.

सिस्टरांच्या पिशवीत तपकिरीची एक रिकामी डबी असे. तिच्यात ज्वारीचा दाणा, तुरीचा दाणा, शेंगदाणा आणि चिंचोका. दवाखान्यात सुजेच्या चार पायऱ्या लिहायच्या असतात. बायांना त्या कळाव्यात म्हणून त्यांनी हे माप काढलं होतं. खड्ड्यात ज्वारी बसली तर सूज थोडी, चिंचोका बसला तर फार. त्यांनी डबी गोदाबाईच्या हातात दिली. तिनं स्वतःच एकेक दाणा ठेवून पाहिला. चिंचोका बसला.

"हे मांस न्हाय, गोदाबाई. पाणी हाय," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पोटात कस न्हाय, म्हणून पायात पाणी."

मी पत्रकात भूक हा शब्द ठळक अक्षरांत छापत होतो. ती किती खोल गेली आहे, हे त्या मोजत होत्या. पुढं साहेब पाहणीला आले, तेव्हा ओळीनं बसलेल्या बायांनी आपापल्या नडगीवर अंगठे दाबले आणि सोडले. कुणी घोषणा दिली नाही. त्यानंतर चिंचोकेवाल्या बायांना हातोडीऐवजी सावलीत लेकरं सांभाळायचं काम मिळालं, त्याच मजुरीवर. गोदाबाई त्यांतली पहिली. ती जगली.

हे सगळं आठवत मी त्या सकाळी वस्तीत पोचलो. आंघोळ घालून, पांढरं लुगडं नेसवून सिस्टरांना अंगणात ठेवलं होतं. दाराशी त्यांच्या चपला. दोन्हींचे पट्टे कापून, सैल करून पिना लावलेल्या. त्यांची मुलगी म्हणाली, "चालून चालून आलीय सूज, म्हणायची. आम्हाला बघूसुद्धा द्यायची न्हाय." तालुकाभर दुसऱ्यांचे पाय तपासणाऱ्या बाईचे पाय तपासायला केंद्रात डॉक्टर नव्हता. जागा कधीची रिकामी. माणसं याला दैव म्हणतात. मी म्हणणार नाही.

तेवढ्यात गोदाबाई आली. डोक्यावरचा पदर सावरत गर्दीतून सरळ आत शिरली आणि सिस्टरांच्या पायाशी बसली. मला वाटलं, पाया पडते आहे. तिनं सिस्टरांची नडगी हातात घेतली आणि अंगठा दाबला. बराच वेळ. मग म्हणाली, "पोरी, ती डबी आण."

मुलीनं डबी आणली. गोदाबाईनं ज्वारी पाहिली नाही, तूर पाहिली नाही. थेट चिंचोका उचलून त्या खड्ड्यात ठेवला...

"आम्हाला शिकवलंस, बाई," ती म्हणाली, "अन् सोता कुणाला दाबू दिलं न्हाईस गं."

डबी मुलीनं मला दिली. माझ्या टेबलावर, पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी असते. ज्वारी आहे, तूर आहे, शेंगदाणा वाळून सुरकुतला आहे. चिंचोका मात्र नाही. उचलायच्या वेळी तो काढायला कुणाचा हात पुढे झाला नाही.