मावशीचा पासपोर्टचा चेहरा

गल्लीत बातमी अशी फिरली, की फोटोवाली मावशी सुई बघताच टेबलावरून उडी मारून पळाली. साफ खोटं. मी तपासणीच्या खोलीच्या दाराबाहेरच बसले होते. पळावंसं वाटलं ते मला.

मावशी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढते. "हनुवटी खाली, दात आत, हलायचं नाही!" हे मी इतकं हुबेहूब करते, की एकदा पडद्याआडून म्हटलं तर गिऱ्हाईकाने खरंच तोंड मिटलं. घरातली नकलाकार मीच. म्हणजे, होते.

स्तनांच्या तपासणीत तिच्या छातीच्या एक्स-रे फोटोवर मीठ सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसले. "असले ठिपके मी गिऱ्हाइकांच्या फोटोवरून ब्रशने उडवते," मावशी म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हे बहुतेकदा निरुपद्रवी असतात, पण कधी कधी कॅन्सरची सुरुवात असते. तुकडा काढून तपासल्याशिवाय कळायचं नाही, म्हणाल्या.

मग तिला पालथं झोपवून, छाती मशीनच्या दोन पट्ट्यांत दाबून, सुईने तुकडे काढले. पहिल्या खेपेला त्यात ठिपके आलेच नाहीत, पुन्हा काढले. मावशी तसूभर हलली नाही.

घरी आल्यावर मात्र जखमेच्या पट्टीवर बर्फाची पिशवी धरून तिने अख्खी खोली उभी केली. नाकात बोलणारी टेक्निशियन: "खोकला आला तर सांगा हं ताई, पण खोकू नका!" वर मशीनची घरघर. आई हसून हसून रडली, मग नुसतीच रडली. माझ्या नकलांना आजवर "पुरे गं" याच्यापलीकडे काही मिळालं नव्हतं. माझ्या पोटात असं दुखलं म्हणता! सुई तिला टोचली होती, आणि जळत होते मी.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी मुद्दाम डिवचलं, "वाचताना तुझा चेहरा हलणारच."

"लाव पैज. जिचा आधी हलेल, तिची आठवडाभर नक्कल बंद."

ती वाचू लागली. भुवई नाही, ओठ नाही, काही नाही. शेवटापर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली. माझी हनुवटी थरथरायला लागली, नाक गळायला लागलं.

"मावशे, सांग ना गं!"

"हरलीस," ती म्हणाली. "कॅन्सर नाहीये. सहा महिन्यांनी परत फोटो."

आणि तिथल्या तिथे तिने माझ्या रडण्याची नक्कल करून दाखवली. मेली, तीसुद्धा झकास.