पाटीवरचा दुसरा नंबर

एमेट ह्राबाक म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो खुर्चीतून उठतो ना, ते बघण्यासारखं असतं. आधी दोन्ही हात गुडघ्यांवर, मग एक लांब श्वास, मग छताकडे नजर, जसं काही वरून कुणी दोर सोडणार आहे. मग उठतो. तोवर माझी कॉफी पिऊन होते. मी म्हणते, "एमेट, शिट्टी वाजवू का? म्हणजे गाडी सुटेल." तो म्हणतो, "विनी, तुझी शिट्टी ऐकून गाडी उलटी जाईल."

आणि हा माणूस आमच्या स्टोकर्सव्हिलच्या शाळेच्या संघाचा, हॅमर्सचा, आजवरचा दुसऱ्या नंबरचा पळणारा. मी नाही म्हणत, पाटी म्हणते. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये कॉफीच्या मोठ्या पिंपाच्या वर ती पाटी आहे. आमचा फुटबॉल पायानं कमी आणि खांद्यानं जास्त खेळतात. बॉल काखेत दाबायचा आणि अंगावर येणाऱ्यांच्या गर्दीत घुसायचं. असे घुसणारे गावात पिढ्यान्‌पिढ्या झाले. त्यातले सगळ्यात भारी पाच जण त्या पाटीवर. पहिला आल्विन सोबोल. तो शाळेतून सुटला तो खाणीत गेला आणि एका सकाळी वर आलाच नाही. तेव्हा पहिल्या नंबरला कोण हात लावणार? दुसरा आमचा एमेट.

दर मंगळवारी सकाळी सगळे म्हातारे हॉलमध्ये जमतात. ऑक्टोबरात, बाहेरगावी गेलेली पोरं मॅच बघायला घरी येतात त्या आठवड्यात, ती पाटी नव्यानं ठरवतात. कोण वर, कोण खाली, कोण बाहेर. मी तिथं पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, तळायला असते. तळता तळता मत देते. कुणी मागितलेलं नसतं, पण त्यांचं तरी कुणी मागितलंय?

आता यातली मेख सांगते. पाटीवर नाव आहे आणि अंगात जीव आहे, तर शनिवारी मॅचच्या मधल्या सुट्टीत मैदानात उतरायचं. बॉल घ्यायचा आणि दहा यार्ड पळायचं. गेल्या वर्षीच्या संघातली पोरं अंगावर आल्यासारखं करतात आणि आपणच धडाधड पडतात. बँड वाजतो, बायका रडतात. याला नाही म्हणायची सोय नाही. पाटीवरचा बड क्लेमेंट ऑक्सिजनची टाकी ओढत पळाला होता. टाकीला धडकून एक पोरगं खरंच पडलं, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या.

आणि पाटीवरून उतरायचा हमखास रस्ता एकच. मार चुकवायला पळणाऱ्यानं कडेची पांढरी रेघ ओलांडली की तो संपला. गॉर्डी पेट्राकला विचारा. त्याच्याएवढे यार्ड आल्विननंही काढले नसतील. पण एकदा, एकदाच, समोरून रेड्यांसारखी दोन पोरं येताना बघून गॉर्डी रेघेबाहेर गेला. आता विमा विकतो, नातवंडं झाली, तरी मंगळवारी दाराजवळच्या वाऱ्यातल्या खुर्चीत बसतो. तिथं बस असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. दुसरीकडे बस असंही कुणी म्हणालेलं नाही.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. एमेट दहा यार्ड पळाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा गुडघा भोपळ्याएवढा झाला. आता डेल्फीनचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, अर्धं अंग गेलेलं आहे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत पलंगावर. एमेट तिला उचलतो. ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मलासुद्धा नाही. मी एकदा प्रयत्न केला, तर म्हणाली, "तू मला पिठाच्या पोत्यासारखं धरतेस." एमेटच पडून राहिल्यावर तिला काउंटीच्या वृद्धाश्रमात न्यावं लागलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी आली तेव्हा ती भिंतीकडे बघत होती. एमेटला एवढंच म्हणाली, "परत तिथं टाकायचं असेल ना, तर नंतर आणायला येऊ नकोस."

डॉक्टरनं सांगितलं, हा गुडघा आता जपून वापरा, आणखी एक दणका झेपायचा नाही. एमेटनं तो कशासाठी जपायचा ते ठरवलं. आणि मला बजावलं, "विनी, हॉलमध्ये यातलं अक्षर काढायचं नाही."

या वर्षीच्या त्या मंगळवारी तो हॉलमध्ये उठला. उठेपर्यंत दोघांची कॉफी ओतून झाली.

"मला खाली काढा," म्हणाला.

चेट आमचा निवृत्त फायरमन, पाटीचा रंग-ब्रश त्याच्याकडे असतो. तो म्हणाला, "कुठनं? आत्ताच तर कसाबसा वर आलास."

"पाटीवरनं. मी त्या पाचात बसत नाही. शेवटच्या मॅचला माझ्या हातून बॉल सुटला होता."

"पाऊस होता लेका," स्टश म्हणाला. स्टश सोबोल, आल्विनचा धाकटा भाऊ. "त्या दिवशी माझ्या हातून छत्री सुटली. ती अजून सापडली नाही."

"आणि माझ्यापुढे लेनर्ड यूरिक असायचा. तो समोरच्यांना आडवं करायचा, मी नुसता त्या भगदाडातून जायचो. तिथून माझी आजीसुद्धा गेली असती."

"तुझ्या आजीला मी बघितलंय," चेट म्हणाला. "ती लेनर्डशिवाय गेली असती."

सगळे हसले. एमेट हसला नाही. तो थकलेला दिसत होता, नुसता गुडघ्यानं नाही, पार डोळ्यांपर्यंत. मला राहवलं नाही. झारा हातात घेऊनच मी पुढे झाले.

"खरं बोलतोय तो. मी होते की तिथं. तो पळायचा तो काय पळणं होतं? अंड्यांची टोपली घेऊन निघाल्यासारखा. लेनर्ड नसता तर अजून त्याच मैदानात उभा असता."

"विनी, तू त्या वर्षी मॅच कुठं बघत होतीस?" स्टश म्हणाला. "तुझी नजर बँडमधल्या ट्रम्पेटवाल्यावर."

"मला दोन डोळे आहेत."

"आणि दोन्ही ट्रम्पेटवर."

मी म्हटलं, चला, हसून विषय मिटेल, कुणीतरी म्हणेल बरं बाबा, उतरवा याला. पण चेटनं टोपी काढून टेबलावर ठेवली. तो टोपी काढतो ते मनापासून काही बोलायचं असलं तरच.

"बघा रे," म्हणाला. "इतकी वर्षं इथं जो येतो तो आपले यार्ड वाढवून सांगतो. मीपण सांगतो. लेनर्डचं नाव या हॉलमध्ये कधी कुणी घेतलं होतं? आज यानं घेतलं."

स्टश उठला, पाटीखाली गेला, भावाच्या नावाकडे बघत राहिला. "आल्विन असता," म्हणाला, "तर त्यानंच याला वर बसवलं असतं. लिही, चेट. एमेट पहिला. आल्विन दुसरा."

आता सांगा, मेलेल्याचा भाऊ स्वतः जागा देतोय, त्याला नाही कसं म्हणणार? एमेट परत खुर्चीत बसला. चेटनं रंगाचा डबा उघडला. माझ्या पिरोगी करपल्या, तो वास अजून हॉलच्या पडद्यांना आहे.

घरी जाताना गाडी मी चालवत होते.

"खरं सांगून टाक ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? बायकोला उचलायचंय? उद्या सगळं गाव दारात उभं राहील, हातात कॅसरोलची, शिजवून आणलेल्या जेवणाची, भांडी घेऊन. डेल्फीनकडे बघून मान हलवतील. ती मला घरात ठेवणार नाही."

"मग?"

त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "दमलोय, विनी. गुडघा राहू दे, मीच दमलोय. अठराव्या वर्षी जे केलं त्यापायी अजून पळतोय. मेलो तरी पेटीतून दहा यार्ड नेतील."

"पेटी मी धरणार नाही," मी म्हटलं. "माझी कंबर."

तो थोडा हसला. थोडाच.

शनिवारी दुपारी मी डेल्फीनला मैदानावर नेलं. चाकाची खुर्ची बाकांवर चढत नाही, म्हणून आम्ही खालीच, कडेच्या रेघेपासून चार हातांवर. तिच्या मांडीवर ब्लँकेट, डोक्यावर माझी टोपी. टोपी तिला आवडली नव्हती. तसं तिनं मला पूर्ण वाटभर ऐकवलं.

मधली सुट्टी झाली. पहिला नंबर पहिला जातो. एमेटच्या हातात बॉल दिला, बँड सुरू झाला. तो निघाला, म्हणजे चालायला लागला. एक पोरगं अंगावर आलं आणि पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्यानं हवेत उडी घेऊन असं काही पडून दाखवलं की त्याच्या आईनं किंकाळी फोडली. लोक उभे राहून ओरडत होते. आणि मला दिसलं, एमेटचा उजवा पाय जमिनीवर टेकला की त्याचा जबडा आवळला जात होता. डेल्फीनलाही दिसलं. तिचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो पांढरा पडला.

अर्ध्या वाटेत तो थांबला. समोर मोकळं होतं, उरलेली पोरं आधीच पडायच्या तयारीत वाकली होती. पाच पावलं टाकली असती तर संपलं असतं, या वर्षापुरतं. त्यानं समोर बघितलं. मग वळला आणि तिरका चालत आमच्याकडे यायला लागला. लोकांना वाटलं गंमत करतोय. रेघेपाशी आला, खाली बघितलं, एक पाय पलीकडे टाकला. मग दुसरा.

बँडमधला एक ढोल तेवढा वाजत राहिला, मग तोही थांबला. पंच कडेला सँडविच खात होता. त्याच्याही नकळत त्यानं शिट्टी फुंकली आणि हात वर केला. बाहेर.

एमेटनं बॉल डेल्फीनच्या मांडीवर, ब्लँकेटवर ठेवला.

ती अर्ध्या तोंडानं म्हणाली, "बाहेर गेलास, मूर्खा."

"हो."

"मग घरी चल."

पुढच्या मंगळवारी हॉलमध्ये जुंपली. कुणी म्हणालं ही काय खरी मॅच आहे का, यात रेघ धरायची नसते. कुणी म्हणालं म्हाताऱ्याला दिशा कळली नसेल. चेट ब्रश घेऊन नुसता उभा. मग स्टश म्हणाला, "रेघ म्हणजे रेघ. खरवडा." आणि कॉफी घ्यायला माझ्याकडे आला. हळूच म्हणाला, "बॉल त्यानं कुठं ठेवला ते मी बघितलं, विनी." पुढं काही विचारलं नाही. कुणी भांडी घेऊनही आलं नाही. आल्विन परत वर गेला, आणि चेटनं खाली पाचव्या जागी लेनर्ड यूरिकचं नाव लिहिलं. लेनर्ड जन्मात कधी बॉल घेऊन पळाला नव्हता. त्यावर आता पुढची दहा वर्षं भांडतील.

एमेट आपला कप घेऊन दाराजवळ गेला. गॉर्डी पेट्राकनं शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलला.

"ही डुगडुगते," गॉर्डी म्हणाला. "आणि वारा थेट मानेवर येतो."

"येऊ दे," एमेट म्हणाला आणि बसला. बसायला त्याला वेळ लागत नाही, तो नुसता सोडून देतो अंग. कॉफी निवायच्या आत त्याचा डोळा लागला. मी शिट्टी वाजवणार होते, पण गॉर्डीनं माझ्याकडे असं बघितलं की म्हटलं, जाऊ दे, माझ्या पिरोगी करपतील.