पाणी पिणाऱ्या दगडासाठी किनवटला

डिसेंबरात प्रज्ञाचा फोन आला. "आई, किनवटला दगड आणायला जायचंय. सोबतची मैत्रीण आजारी पडली. तू येतीस का?"

प्रज्ञा माझी लेक, नांदेडला भूशास्त्रात एम.एस्सी. करते. मी लातूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. बाटल्या धुवायच्या, तराजू लावायचे. नुकतीच निवृत्त झालेय. कुणी दगडांसाठी बोलवेल असं वाटलं नव्हतं. लगेच हो म्हणाले.

लातूर-नांदेड एसटीनं अहमदपूर, लोहा करत चार तास धरा. बायकांना अर्धं तिकीट. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आदिलाबादकडची रेल्वे पकडली. मुदखेड, भोकर करत हळूहळू काळं रान मागं पडतं आणि साग दिसायला लागतो. खिडकी सोडू नका.

गाडीत प्रज्ञानं समजावलं. शेल म्हणजे चिखलाचे थर दाबून झालेला दगड. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि काही ठिकाणी त्यांच्या भिंतींना नैसर्गिक वायू चिकटून राहतो.

"किनवटला गॅस निघणार नाही गं. पण हा शेल किती वायू धरू शकतो ते मी मोजलंय. छिद्रं भरपूर आहेत. प्रबंधात 'साठ्यासाठी उत्तम' असं लिहूनही टाकलं. आता एक जादा नमुना मिळाला की झालं."

पुढच्या आठवड्यात सादरीकरण होतं. त्यावर तिची पीएच.डी.ची जागा ठरणार होती.

"मोजायच्या आधी दगड वाळवला होतास?" मी विचारलं. सवयच ती.

"हो, ओव्हनमध्ये. वाळवावाच लागतो."

"अन् जमिनीखाली त्याला कोण वाळवतं?"

तिनं वहीतली ओव्हनची नोंद पुन्हा काढली.

किनवटहून शेअर रिक्षानं एका ओढ्याकाठच्या शेतात गेलो. मालक मारोतराव, साठीचे. (विचारल्याशिवाय कुणाच्या रानात हातोडी काढू नका.) त्यांना विचारून आम्ही शेलचे तुकडे पिशव्यांत भरले, ते त्यांनी पाहिलं.

"घराला नेऊन राहिल्या का, ताई? जोत्याला नका घालू. लई पाणी पितो ह्यो. म्या गोठ्याला लावला, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटले."

प्रज्ञानं एक ताजा तुकडा फोडला आणि डब्याच्या झाकणात थोडं पाणी घेऊन त्यात उभा धरला. ओली रेघ हळूहळू वर चढली. ती उकिडवी बसून बघत राहिली.

"चिकणमाती," ती म्हणाली. "तिच्या छिद्रांत आधी पाणी बसतं. मग वायूला जागा कुठं उरते?"

मारोतरावांच्या घरून जेवल्याशिवाय निघता आलं नाही. पिठलं, भाकरी, लसणाचा ठेचा. प्रज्ञा नीट जेवली नाही.

परतताना मुदखेड आलं. तेव्हा ती म्हणाली, "ते वाळवण्याचं कशाला विचारलंस?"

"मग सोड ते."

"आता कसं सोडू?"

मी दोन दिवसांसाठी गेले होते, आठवडाभर राहिले. तिच्या मार्गदर्शक सरांच्या परवानगीनं त्यांच्या प्रयोगशाळेत तराजूपाशी बसायला मिळालं. तुकडे आधी वाळवून तोलले, मग दमट हवेच्या बंद भांड्यात ठेवून रोज तोलले. वजन चढत होतं. शेवटी त्या ओल्या तुकड्यांत वायू सोडून पाहिला. कोरड्यांच्या मानानं त्यांनी फारच थोडा धरला.

प्रज्ञानं 'उत्तम' खोडलं. लिहिलं, 'नुसती छिद्रं मोजून या दगडाची प्रत ठरवू नये. त्यांत पाणी किती बसतं हेही पाहावं.'

सर म्हणाले, "काम चांगलंय, पण सादरीकरणाच्या या फेरीत बसणार नाही. सगळे नमुने पुन्हा करा."

म्हणजे पीएच.डी.ची जागा यंदा गेली. बाहेर येऊन ती रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

लातूरला आल्यावर चार दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. लेकीचं मीच नुकसान केलं का? पण प्रयोगशाळेत तीस वर्षं मी पोरांना पुस्तकातलं उत्तर बघून आकडे भरताना पाहिलं होतं. परिचरानं कशाला बोलावं, म्हणून गप्प बसले. याची लाज मला किनवटहून आल्यावर वाटली.

परवा तिचा फोन आला. आवाजात रुसवा नव्हता, घाई होती. पाणी प्याल्यावर शेल फुगून छिद्रांची तोंडं बंद होतात, की भेगा पडून नव्या वाटा उघडतात, हे तिला आता शोधायचंय.

"दोन्ही होत असेल का?" मी विचारलं.

"मोजल्याशिवाय कसं सांगू, आई?"