दगडाने लोखंड खावे

मिस्त्रीमामा दगड जिभेला लावून बघत. नदीकाठी, विहिरीच्या मलब्यावर, कुणाच्या पाडलेल्या भिंतीशी, जिथे बरा दगड दिसेल तिथे ते उकिडवे बसत, दगड धोतराला पुसत, जिभेचे टोक त्याला टेकवत आणि डोळे मिटून घेत. बदली होऊन मी उमापूरला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांना तसे पाहिले. घरी येऊन बायकोला सांगितले, "शेजारचे सुतार दगड चाटतात." ती म्हणाली, "तुम्ही बोट ओले करून पुस्तकाची पाने उलटता. ते त्यांनी कुणाला सांगितले का?"

गावाला मात्र त्याची सवय होती. एकदा हॉटेलवाल्याने चार माणसांत विचारले, "मामा, साखर लावून देऊ का?" मामांनी दगड शांतपणे पिशवीत टाकला. "तुझ्या भज्यापेक्षा बरा लागतो बे," ते म्हणाले आणि चहा न घेताच निघाले. नंतर हॉटेलवाल्याने तो चहा मामांच्या दुकानात पोचता केला.

मला ते कळायला वर्ष गेले. जो दगड जिभेला धरतो, ओढ घेतो, तो आतून पोकळ असतो. रंध्याच्या पात्याला किंवा पटाशीला धार लावताना दगडावर तेल घालतात. झिजलेल्या लोखंडाची काळी भुकटी त्या तेलात तरंगत राहिली पाहिजे. दगड तेल पिऊ लागला की तेलाबरोबर भुकटीही आत शिरते आणि चार महिन्यांत दगड बुजतो. मामा हे सगळे एका वाक्यात सांगत. "दगडानं लोखंड खावं, तेल पिऊ न्हाई." एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागत. समजले की नाही हे ते कधी विचारत नसत.

गोदेचा पूर ओसरला की आम्ही दोघे माझ्या मोटारसायकलवर काठाला जात असू. मागे बसलेल्या मामांच्या मांडीवर खताची रिकामी गोणी आणि फडक्यात गुंडाळलेले एक बोथट पाते असे. पाण्याने नवे दगड वर आणलेले असत. मी ओंजळभर गोळा करून आणी आणि ते एकेक करून परत टाकत. जाळीदार काळा दगड हातात न घेताच नापास. तांबूस दगड नखाने खरवडला की पीठ सुटे. "ह्याची भाकर करा." पांढरी रेघ असलेला दगड मला फार देखणा वाटला होता. मामांनी तो उन्हात तिरपा धरला. "शीर हाय बघा मधून. पातं ह्या शिरेवर आलं की उडी मारतंय. धारेला दात पडतो. गुरुजी, माणसात बी एखादी शीर असती. ती बघून मंग काम सांगावं."

जिभेत पास झालेला दगड ते दुसऱ्या दगडावर हलकेच आपटून कानाशी नेत. आवाज फुटका आला तर आत चीर असे. मग त्यावर तेलाचा एक थेंब ठेवून ते बिडी पेटवत. बिडी संपेपर्यंत थेंब जागेवर दिसला, तरच पाते बाहेर निघे. पाते फिरवताना हाताला बारीक किरकिर लागली पाहिजे आणि थेंब काळा झाला पाहिजे. एवढ्या परीक्षा झाल्यावर दिवस कलता एखादा दगड गोणीत जाई. बहुतेक वेळा एकही जात नसे. एकदा रिकाम्या हाताने परतताना मी कुरकुर केली, तर ते म्हणाले, "रिकामं कावून? कोणता न्हाई घ्यायचा, हे कळलं की."

मी एकदा बीडच्या दुकानातून त्यांच्यासाठी कारखान्यात तयार केलेला, वेष्टनातला करडा दगड आणला होता. मामांनी त्याचे नीट दर्शन घेतले, कागदावरचे छापील चित्रही पाहिले. मग तो मामींच्या हाती दिला. "विळीला ठेव. गुरुजींनी लई प्रेमानं आणलाय." माझी मान खाली गेली, पण त्यांनी ते कुत्सितपणे म्हटले नव्हते. कुठल्या दगडाची जागा कुठे, एवढेच सांगितले होते.

त्यांचा स्वतःचा दगड वीतभर लांब, काळसर हिरवा होता. तरुणपणी कुणाच्या तरी विहिरीच्या मलब्यात सापडलेला. बाभळीच्या लाकडात कोरलेल्या खाचेत तो बसवलेला असे आणि त्यावर झाकण असे. चाळीस वर्षे वापरूनही तो फरशीसारखा सपाट होता, कारण मामा पाते कडेपासून कडेपर्यंत फिरवत, कोपरेसुद्धा सोडत नसत. "मधीच घासत बसलं तर दगडाची होडी होती. मंग बसा तिच्यात." दुसऱ्या कुणाला ते त्या दगडाला हात लावू देत नसत. मला देत. का, ते मी विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. बीडच्या दवाखान्यात ते महिनाभर होते. मामी त्यांच्याबरोबर गेल्या आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे राहिली. पत्र्याच्या त्या शेडमध्ये दुपारी उभे राहवत नसे. मला वाटले, एवढ्या उन्हात दगड सुकून तडकेल. मामांची मशीनच्या तेलाची कुपी रिकामी होती. मी घरून तेल आणले. घाण्यावरचे करडीचे, आमच्याकडे असलेले सर्वांत चांगले तेल. दर दोन-तीन दिवसांनी मी दगडावर त्याचा हात फिरवी आणि झाकण उघडे ठेवी, म्हणजे तेल नीट मुरेल. दगडाने तेल पिऊ नये, हे मी वर्षानुवर्षे ऐकले होते. तरीही मी त्याला पाजत होतो. काळजीत माणूस देवाला जसे काहीबाही वाहतो, तसे ते होते.

मामा परतले. पाय थोडा ओढत होते, बोलणे जड झाले होते, उजव्या हाताची मूठ अर्धीच मिटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडायला लावले. पटाशी उजव्या हातात घेतली, डाव्याने वरून दाबली आणि दगडावर ठेवली. पटाशी घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. किरकिर नाही, काळे काही सुटले नाही. दगडाने पात्याला ओळखच दाखवली नाही. मामा बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "हात गेला, गुरुजी."

दुपारी त्यांनी तलवाड्याच्या एका ओळखीच्या सुताराला निरोप धाडला. बाजाराच्या दिवशी ये आणि हत्यारांची पेटी घेऊन जा. मामी पेटीतली धूळ पुसत बसल्या. बाजाराला चार दिवस होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी बायको तेलाचा डबा घासत होती. डब्याच्या तोंडाभोवती पिवळट, चिकट थर जमला होता. तो काथ्याने निघेना, म्हणून ती सुरीने खरवडत होती. "करडीचं तेल असंच," ती म्हणाली. "ऊन लागलं की त्याचं रोगण होतं." मी तिथेच उभा राहिलो. मामांच्या दगडावर मी तीस दिवस रोगण चढवत होतो. त्या सकाळी हात घसरला होता की दगड, हे कुणालाच कळले नव्हते. मामांनी दोष हाताच्या माथी मारला होता, कारण त्या दगडावर त्यांनी कधी संशय घेतलाच नव्हता.

मी रात्रीपर्यंत थांबलो असतो तर कदाचित बोललो नसतो. अपराधाची लाज होती. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. मी सांगितले, दगड दुरुस्त झाला, आणि तरीही हात घसरला तर? माणसाला एकच आशा दोनदा गमवायला लावण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? पण पेटी उद्या जाणार होती. मी डबा तसाच हातात घेऊन शेजारी गेलो.

मामा खाटेवर होते. मी सगळे सांगितले. त्यांनी मध्येच अडवले.

"कोणतं तेल?"

"करडीचं."

"दुकानातलं?"

"घाण्याचं."

"मंग लई महागात पडलं तुमाला." त्यांनी दगड मागवला, नाकाशी धरला, अंगठ्याचे नख त्यावरून ओढले. नख घसरत गेले. "पोरांना शिकवता अन् दगडाला जेवू घालता. मला इचारायचं की."

"तुम्ही दवाखान्यात होता, मामा."

"दवाखान्यात होतो. बहिरा न्हवतो झालो."

मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. महिनाभरात पहिल्यांदाच. मी क्षमा मागू लागलो तेव्हा मामांनी डावा हात वर करून मला थांबवले. "ते राहू द्या. सोडा हाय का घरात, धुण्याचा?"

दुसऱ्या दिवशी तलवाड्याचा सुतार आला. मामांनी त्याला चहा पाजला आणि सांगितले, "पेटी न्हाई देत. दगड आजारी हाय. त्याचं दुखणं उतरल्यावर बघू." तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. मामांच्या डोक्यावरही परिणाम झाला असे त्याला वाटले असावे.

गरम पाण्यात सोडा घालून दगड दोन दिवस ठेवला. वरचा थर मऊ झाला, तो बोथट सुरीने काढला. तरी आत गेलेले तेल राहिलेच होते. मग शहाबादी फरशीवर गोदेची बारीक वाळू आणि पाणी घालून दगड पालथा घासायचा, म्हणजे वरची बुजलेली पापडी झिजून खालचा ताजा दगड उघडा पडेल. मी बाह्या सरसावल्या. "तुमी फरशी धरा," मामा म्हणाले. "दगड मी फिरवतो." डाव्या हाताने ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दगड फिरवत. पन्नास फेरे झाले की थांबत, धाप टाकत, दगड धुऊन उन्हात तिरपा बघत आणि मान हलवत. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. दोन आठवडे हेच. एकदा बायकोने त्यांना म्हटले, "मामा, गोदेला जाऊन नवा दगड आणू की." ते म्हणाले, "नवा आणला अन् त्याच्यावर बी घसरलं, तर कुणाला इचारू? ह्याला मी ओळखतो, म्हणून ह्यालाच इचारायचंय."

ज्या दिवशी दगड उघडला, त्या दिवशी त्यांनी मामींनाही दुकानात बोलावले. आधी पटाशी डाव्या हातात घेतली. एक फेरा. किरकिर ऐकू आली, तेलाचा थेंब राखी झाला आणि मग काळा. मामींनी डोळे मिटून घेतले. मग मामांनी पटाशी उजव्या हातात घेतली. ती तिरकी झाली, कलंडली, धारेची कड गोल करून गेली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला. मी जमिनीकडे बघत होतो. जे भय होते तेच समोर आले होते.

"बरं झालं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात पडलेला नव्हता. "दगडाचं दगडाला अन् हाताचं हाताला. आता कळलं, कुणावर काम करायचं."

त्यानंतर ते डाव्या हाताने धार लावायला शिकले, एखादे पोर ओळी गिरवते तसे. उजवा हात पात्यावर नुसता वजनासारखा ठेवलेला असे. एका पटाशीला सगळी सकाळ जाई. धार बिघडली की चिडचिड न करता परत पहिल्यापासून. सहा महिन्यांनी त्यांनी खुरप्याला दांडा बसवला, मग लाटणी केली, मग आमच्याकडचा पोळपाट. तो किंचित वाकडा आहे. चौकटी आणि दारे त्यांनी पुन्हा केली नाहीत, आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत. कुणी हळहळले तर म्हणत, "हाय तेवढ्याला धार हाय का, ते बघा."

या पौषात दुसरा झटका आला आणि त्याने वेळ दिला नाही. अंगणात पाटावर त्यांना शेवटची आंघोळ घालायची होती. आम्ही चौघे होतो. उजव्या बाजूला मी बसलो. सुतार धार तपासतो ती कोपराखालच्या केसांवर. केस सहज उतरले तर धार लागली. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा हात म्हणून तिथे जन्मभर गुळगुळीत असतो. मामांच्या डाव्या हातावर केस पुन्हा उगवले होते, पांढरे आणि दाट. उजव्या हातावर, ज्याची मूठ मिटत नव्हती त्या हातावर, चार बोटे रुंदीची जागा स्वच्छ होती. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. खुंटसुद्धा लागले नाहीत. आदल्या दिवशीची धार असावी.