बाळंतिणीचं लाल रबर

चौथी पास झाले तरी मी रात्री अंथरूण ओलं करत होते, आणि पुढेही बरेच दिवस करत राहिले. हे पहिल्यांदाच सांगून टाकलेलं बरं. एकदा ते माझ्याकडून वदवून घेतलं गेलं, तेव्हा माझी मर्जी कोणी विचारली नव्हती. आज निदान आपणहून सांगते आहे.

आम्ही आंजीला, वर्ध्याजवळच्या एका खेड्यात, राहत होतो. वडील तिथल्या शाळेत मास्तर. आईनं माझ्यासाठी काय काय करून पाहिलं नाही! आधी जुन्या लुगड्यांची गोधडी. अंगाला ती फार मऊ, पण पावसाळ्यात वाळता वाळायची नाही आणि चुलीजवळ टांगली की घरभर वास सुटायचा. मग सरकीचं रिकामं पोतं चौघडी करून चादरीखाली घातलं. पोतं ओल पुष्कळ प्यायचं, पण त्याची कुसं चादरीतून टोचायची आणि सकाळी पाठभर पुरळ. मग आईनं रुईची, म्हणजे कापसाची, छोटी गादी शिवली. आमच्याकडे रुईला काय तोटा! पण रुई भिजली की तिचे गोळे होतात, आणि त्यांच्यावर झोपणं म्हणजे नांगरलेल्या वावरात ढेकळांवर झोपणं. शेवटी वडिलांनी शाळेच्या टेबलावरचं टाकून दिलेलं मेणकापड आणलं. त्यातून खाली काही झिरपत नसे, सगळं माझ्याच अंगाखाली साचून राही. शिवाय कूस बदलली की ते कडकड वाजायचं. थोड्याच दिवसांत घडीघडीवर चिरा पडून त्याची चाळणी झाली.

आंजीत मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती. वडिलांची बहीण, माझी आत्या, वर्ध्याला राहायची. तिच्याकडे राहून मी पाचवी करावी असं वडिलांनी ठरवलं. मला तर कधी एकदा जाते असं झालं होतं. आईनं मात्र मला बजावून ठेवलं होतं, "तिथं कोणाले समजलं अन् लोकं हसले, तं सीधी घरी आणीन. मंग बसजो शेण थापत." ती तसं करणार हे मला ठाऊक होतं. आई बोलल्याप्रमाणे करायची.

आत्या मला न्यायला आली तेव्हा आईनं तिला आत बोलावून सगळं सांगितलं. मी दाराआड उभी होते. आत्यानं देव्हाऱ्याला हात लावला आणि म्हणाली, "वहिनी, देवाची आण घेतो. माह्या तोंडून शब्द नाई निघणार."

वर्ध्याला पोचल्यावर आत्यानं औषधांच्या दुकानातून लाल रबर आणलं. दवाखान्यात खाटेवर घालतात तसलं, जाड आणि गुळगुळीत. त्याच्यावर जुन्या धोतराची घडी, आणि घडीवर मी. सकाळी धोतर बादलीत भिजवायचं, रबर ओल्या फडक्यानं पुसायचं आणि न्हाणीतल्या दोरीवर सावलीत टाकायचं. वाळलं की त्याला शंखजिरं चोळायचं, बाळाच्या अंगाला लावतात ती पांढरी भुकटी. उन्हात मात्र घालायचं नाही, नाहीतर ते चिकट होऊन तडकतं. तसा रबराला वास होता आणि उकाड्यात पाठ घामानं चिकटायची. पण पोतं, रुई आणि मेणकापड एका पारड्यात घातलं तरी या रबराची सर कशालाच नव्हती. त्यावर मी निर्धास्त झोपले. आत्या मला एका शब्दानं बोलायची नाही, उलट धोतर माझ्याआधी उठून धुवून टाकायची. खरं सांगते, आईपेक्षा मला तीच आवडायला लागली होती. शाळेत शेजारी बसणारी एक मुलगी मैत्रीण झाली होती. आम्ही डब्यातली भाकर वाटून खायचो.

मग दसऱ्याची सफाई आली. आमच्याकडे दसऱ्याआधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. गल्लीत घरोघरी दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर गोधड्या आणि चादरी. मी शाळेत गेले होते. त्या धांदलीत आत्यानं, वास जरा उडू दे म्हणून, माझं रबरही पुढच्या अंगणातल्या दोरीवर टाकलं. तिनंच मला सावलीचा नेम शिकवला होता, आणि त्या दिवशी तीच विसरली.

लाल रबर त्या काळी एकाच घरी दिसायचं, जिथं बाळंतीण असे. गल्लीतल्या बायांना दुसरा अर्थच ठाऊक नव्हता. आणि आत्याच्या घरात बाळंतीण होण्याजोगं कोण? आत्याची मुलगी, आमची ताई, लग्नाची होती. नागपूरचे पाहुणे तिला पाहून गेले होते, होकार अजून यायचा होता, आणि त्या पाहुण्यांची एक मावशी आमच्याच गल्लीत राहायची. त्यात ताईला हिवताप आलेला, म्हणून बरेच दिवस ती दाराबाहेर दिसली नव्हती.

मी शाळेतून आले तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या. पाहुण्यांची मावशी होती, माझ्या मैत्रिणीची आईही होती. मावशी रबराचं टोक चिमटीत धरून विचारत होती, "बाळंतपणाले कोण आलं हाय, सांगाल तं खरं?"

"कोणी नाई आलं, बाप्पा," आत्या म्हणाली.

"मंग हे कोणाचं? तुमची पोरगी दिसून नाई राह्यली कुठं?"

 आत्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ताईच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवताना गादी भिजू नये म्हणून आणलं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. घरात तापाचं माणूस होतंच. मला आजही ते आठवलं की राग येतो, कारण ते सुचायला काही फार अक्कल लागत नाही. पण तेवढ्यात तिला फाटकात मी दिसले.

"ये इकडे," तिनं हाक मारली. माझं दप्तर खांद्यावरच होतं. "सांग या बायायले, हे रबर कोणाचं हाय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

"सांग ना! तोंड नाई काय तुले?"

"माहं," मी म्हटलं.

"काऊन लागते तुले?" आत्यानंच पुढे विचारलं.

मैत्रिणीची आई समोरच उभी होती. मला पळावंसं वाटलं, पण आत्याचा हात माझ्या दंडावर होता आणि तो घट्ट होत चालला होता.

"मी अंथरुणात मुतते."

बाया खदखदून हसल्या. मावशीनं रबर सोडून दिलं. "एवढंच होय! आमाले वाटलं..." काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. मग आत्यानं सगळ्यांना चहा केला, आणि माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती साखर मोरीत टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीनं तरटपट्टीवर आपली जागा बदलली. माझ्या दोन्ही बाजूंना मोकळं तरट राहिलं. भाकर मी एकटीनंच खाल्ली. इकडे ताईचं लग्न जमलं.

दिवाळीला आई आली. तिची मी फार वाट पाहिली होती. ती आत्याला सोडणार नाही याची मला खात्री होती. मी रडत रडत सगळं सांगितलं, आणि आई खरंच उठून सैपाकघरात गेली.

"बाई, तुम्ही देवाची आण घेतली होती."

आत्या करंज्या तळत होती. तिनं झाराही खाली ठेवला नाही. "आण नाई मोडली मी, वहिनी. माह्या तोंडून शब्द नाई निघाला. विचारा तुमच्या पोरीले, कोण बोललं."

आई माझ्याकडे वळली. "तू बोलली?"

"हो, पण आत्यानं..."

"तू बोलली का नाई?"

"बोलले."

आईचे खांदे खाली आले. "मंग आता कायले रडून राह्यली?" ती म्हणाली, आणि पाट ओढून आत्याला करंज्या भरून द्यायला बसली.

दिवाळी झाल्यावर तिनं मला आंजीला परत नेलं. आत्यानं रबराला शंखजिरं लावून, नीट घडी करून, स्वतःच्या हातानं माझ्या पेटीत ठेवलं. पाचवीची पुस्तकं वर्ध्यालाच राहिली, ती आणायला पुढे कोणी गेलं नाही. मोटारीत आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आंजीत मी कोणाले सांगत नाई, बरं."

मी तिचा हात बाजूला केला आणि खिडकीकडे सरकून बसले.