मडीत मोडलेला खुबा

"शिवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. विहिरीचं पाणी घेऊन स्वयंपाकघराकडे जाताना त्या पडल्या होत्या. घागर कलंडली होती आणि दगडी फरशीवर पसरलेल्या पाण्यात त्या ओलेत्याने पडून होत्या. मी तीन हातांवर, मागच्या पडवीत गोणपाटावर. मला कावळा शिवला होता, दुसरा दिवस. त्या मडीत होत्या; सोवळ्याला आमच्या बेंगळुरातल्या घरात मडीच म्हणत. घरात आम्ही दोघीच.

त्यांचं उजवं पाऊल बाहेर वळून फरशीवर आडवं पडलं होतं. तो पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. टाच उचला म्हटलं, तर उचलेना. जांघेत कळ येते म्हणाल्या. रक्त नाही, सूज नाही. मी दोनदा उठले. दोनदा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. भिंतीवरून शेजारच्या अक्कांना हाका मारल्या, पण त्या देवळात गेल्या होत्या. त्या येऊन उचलीपर्यंत दोन तास गेले. सासूबाई कुडकुडत होत्या आणि मी बघत बसले होते.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. रक्त नाही म्हणजे शीर सरकली असेल, असं ठरलं. आनेकलकडचा एक हाडं बसवणारा आणला. त्याने एरंडेल चोळलं, पाय ओढला, पट्ट्या बांधल्या आणि चौथ्या दिवशी त्यांना उभं केलं. ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

आठ दिवसांनी इस्पितळात नेलं. मांडीचं हाड खुब्यापाशीच मोडलंय, डॉक्टर म्हणाले. म्हातारपणी हाड ठिसूळ होतं. कधी आधी हाड मोडतं, मग माणूस पडतं. सासूबाई पहिल्या दिवसापासून तेच सांगत होत्या, की आधी काहीतरी कट्कन वाजलं. आम्ही ती बडबड समजलो. विधवा झाल्यापासून त्या एकवेळ जेवत, तेही ताकभात. हाडाला काय मिळणार? एव्हाना छाती भरली होती. ऑपरेशन सोसणार नाही म्हणून घरी पाठवलं.

यांनी मला एकदाच विचारलं, "तू हात का नाही लावलास?"

"त्या नको म्हणाल्या."

मडी न नेसता आईच्या चुलीजवळ यांनीही कधी पाय ठेवला नव्हता.

त्यानंतर तीन महिने मी सासूबाईंना पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं. माझे ते दिवस आले तरी दुसरं करणार कोण? पहिल्याच वेळी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाहेरची आहेस ना?"

"हो."

"सरी, असू दे. स्वल्प हळू वळव."

एवढंच. असंच पडल्या त्या सकाळी म्हणाल्या असत्या तर मी बसून राहिले नसते. त्यांचं न ऐकता मी उठले असते, तरी आभाळ कोसळलं नसतं. लगेच उचललं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. ते काय सांगतील याची भीती वाटली.

पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साचला आणि त्या गेल्या. पुढे हेही गेले. मी आहे.