नेटवर मी, मागे दादा

बंगळूरची गाडी दौंडला लागली तेव्हा दादानं आधी माझी पत्र्याची ट्रंक आत ढकलली आणि मग मला. दोन रॅकेट मात्र त्यानं शेवटपर्यंत हातात धरून ठेवल्या होत्या, एक माझी आणि एक त्याची. गाडी हलली तशी माझी त्यानं खिडकीतून आत दिली. आई तोंडाला पदर लावून उभी होती. आबा म्हणाले, "म्होरं बघ. मागं वळायचं न्हाई." मी वळलो नाही. माझ्यासारखे जे कोणी घर सोडून गेले, ते खिडकीतून मान बाहेर काढून, दिसेनासं होईपर्यंत हात हलवत गेले असतील. मी शहाण्यासारखा समोरच्या बाकाकडे बघत बसलो. त्या शहाणपणाचा मला अजून राग येतो.

हे न वळणं आमच्या घरातलं. मूळ गाव खुटबाव. आजोबांपर्यंत मेंढरं होती. कळप हाकताना एक जण पुढे चालतो, एक मागे. पुढच्यानं मागे बघायचं नाही, कारण तो थबकला की कळप थबकतो. मागच्यानं आपल्या मनानं जागा सोडायची नाही. पुढच्यानं हाक दिली तरच पुढे यायचं. आबा रेल्वेत गँगमन झाले, आम्ही दौंडच्या कॉलनीत राहायला आलो, मेंढरं गेली आणि नियम तेवढे राहिले.

कॉलनीच्या मागे साहेबाच्या काळातलं लाल मातीचं टेनिस कोर्ट होतं. नेट कधीच कुजून गेलेलं. आबांनी मेंढरं कोंडायची जुनी जाळी, वाघर, आणून दोन खांबांना बांधली. तिची भोकं एवढी मोठी की चेंडू कधी आरपार जायचा, आणि मग तो धरायचा की नाही यावरून आमची जुंपायची. मी धाकटा म्हणून नेटपाशी, दादा मागे. त्याचं नुसतं "हं" ऐकू आलं की मी सरकायचो. इतक्या वर्षांत मी एकदाही मान वळवली नसेल.

पुण्यातल्या एका स्पर्धेत बंगळूरच्या अकादमीच्या कोचनं आम्हाला पाहिलं. त्याच्याकडे जागा एकच होती. दादाच आबांना म्हणाला, "त्येला धाडा. माझी गरज लागली तर हाक मारंल की."

अकादमीत एकेरीत मी सुमारच निघालो. पण दुहेरीत जोडीदार मागून सर्व्हिस करत असताना नेटवरच्यानं वळून बघायचं नसतं, आणि भल्याभल्यांची मान वळते. माझी वळायची नाही. हे कुठं शिकलास, असं कोचनं विचारलं, तेव्हा मी "मेंढरांकडून" म्हणालो. तो पोट धरून हसला. एवढ्या भांडवलावर मी डबल्स स्पेशालिस्ट झालो.

आता जे सांगायचं ते लवकर सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षी पुण्यात एक खुली स्पर्धा होती. ऐन वेळी माझ्या जोडीदाराचा घोटा मुरगळला. दुहेरीची नावं कागदावर लिहायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुदत होती. कॉलनीतल्या किराणा दुकानाचा फोन नंबर मला पाठ होता. निरोप गेला असता तर दादा मिळेल त्या पॅसेंजरनं आला असता. मी फोनपर्यंत गेलोसुद्धा. मग डोळ्यांपुढे आले त्याचे फाटके कॅनव्हासचे बूट, त्याचं "हाय" आणि "न्हाई", आणि ब्लेझर घातलेली ती सगळी मंडळी. मला लाज वाटली. सख्ख्या भावाची लाज वाटली. मी चेन्नईच्या एका उंच मुलाचं नाव लिहिलं आणि आम्ही ती स्पर्धा जिंकलो.

तिथून ताश्कंद, जकार्ता, आणि नावं नीट उच्चारता येत नाहीत अशी कितीतरी गावं झाली. दर आठवड्याला हॉटेल नवं, पार्टनर नवा. दादा पाटसच्या साखर कारखान्यात बॉयलरवर लागला. आईची पत्रं यायची, त्यात शेवटी ठरलेलं वाक्य, "दादा बरा हाय, तुझी काळजी करतो." ते वाक्य मी भरभर वाचून पुढे जायचो.

गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला. जर्मनीतल्या एका गावात क्लबचा कोच झालो आणि मग कुठं सवडीनं घरी आलो. गळीत हंगाम संपलेला, त्यामुळे दादा घरीच होता. कोर्टाच्या कडेला बाभळी वाढल्या होत्या. तिथं बसून मी त्याला पुण्याची गोष्ट सांगितली.

"ठावं हाय," तो म्हणाला. "तू पुन्यात खेळाय आलाईस म्हनून पेपरात वाचलं, तवा मी दोन दिस दुकानात फोनपाशी बसलो व्हतो. बूट घालून."

"मग आला का नाहीस? गाडीत बसायचंस की."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरचा नाहीच. "मागच्यानं आपल्या मनानं कसं यायचं?"

मला रडू आवरेना. बऱ्याच वेळानं उठलो आणि म्हणालो, "दादा, चल." एवढेच शब्द होते, आणि तेवढ्याला इतकी वर्षं लागली.

तो आत जाऊन रॅकेट घेऊन आला. तीच, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. माळ्यावरची वाघर काढून बांधली. समोर कॉलनीतले दोन क्लार्क उभे राहिले. मी नेटवर, दादा मागे. तिकडे क्लबात लोक विचारतात, घर कुठं तुमचं? मी दौंड सांगतो, नकाशात दाखवतोही. पण मला घर म्हणजे पाठीमागून येणारं ते "हं" आहे, आणि ते दुसऱ्या कुठल्याच कोर्टावर मला ऐकू आलेलं नाही.

दादानं सर्व्हिस केली. आणि मी वळलो. तो तिथंच होता, जरा वाकलेला, केस पांढरे झालेले, जागा न सोडता.

"आरं म्होरं बघ की!" तो ओरडला.

समोरून परतलेला चेंडू माझ्या कानाजवळून गेला. पॉइंटही गेला. मी तसाच मागे बघत राहिलो.